पहिलं लिनक्स कुठलं?

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट संपला. कर्जतच्या घरातला आमचा 4 जीबी रॅमचा जुना लॅपटॉप विंडोज 11 काही घेईना. खोपोलीचा मित्र म्हणाला, “लिनक्स टाक.” पण कुठलं? मी लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती निवडली. हलकी आहे, मेनूही विंडोजसारखा.

आधी इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालवून बघा. जरा हळू चालतं, पण वाय-फाय लागतंय का, आवाज येतोय का, ते लगेच कळतं. माझं सगळं चाललं. त्या आनंदात मी ‘इरेज डिस्क’ निवडलंसुद्धा! आई मागून म्हणाली, “अरे, ताईच्या लग्नाचे फोटो?” ते त्याच डिस्कवर होते. हात थांबला. रात्री साडेअकरापर्यंत कॉपी करत बसलो.