उबवणी यंत्रातला ओलावा

घरी लहान उबवणी यंत्र ठेवणाऱ्यांची एक तक्रार नेहमीची. वीस दिवस सारं ठीक चालतं आणि एकविसाव्या दिवशी पिल्लं कवचातच मेलेली निघतात. मग दोष कोंबड्याला दिला जातो. पण पुष्कळदा दोष असतो ओलाव्याचा.

अंड्याच्या कवचाला बारीक छिद्रं असतात. त्यांतून आतलं पाणी वाफेनं हळूहळू जातं आणि रुंद टोकाकडची हवेची पोकळी वाढते. पिल्लू पहिला श्वास याच पोकळीत घेतं. हवा फार कोरडी असली तर आतला पापुद्रा वाळून पिल्लाला चिकटतो. फार दमट असली तर पोकळी लहान राहते आणि पिल्लू गुदमरतं.

म्हणून पंख्याच्या यंत्रात उष्णता साडेसदतीस अंश सेल्सिअस ठेवा. आर्द्रता पहिले १८ दिवस ५० ते ५५ टक्के आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के ठेवा.

आता पाणी किती ठेवायचं? इथं खोलीला महत्त्व नाही, पसाऱ्याला आहे. तांब्यात ठेवलेलं पाणी थोडीच वाफ देतं. तेच पसरट थाळीत ओतलं की जास्त देतं. गंगापूरकडच्या एप्रिल-मे महिन्यांतल्या कोरड्या हवेत जिथं मोठी थाळी लागेल, तिथं श्रावणात वाटीही पुरेल. पाणी कोमट घाला. अंड्यांवर शिंपडू नका. ओलावा वाढावा म्हणून हवेची भोकं बुजवू नका. पिल्लांना श्वास लागतो.

खात्री करायची तर वजन करा. दहा अंडी ५०० ग्रॅम भरली, तर सातव्या दिवशी ४७७ आणि अठराव्या दिवशी ४४० ग्रॅमच्या आसपास भरावीत. वजन जास्त घटलं तर पाण्याचा पसारा वाढवा. कमी घटलं तर आवरा.

अठराव्या दिवशी अंडी फिरवणं थांबवा, थाळी वाढवा आणि झाकण लावून टाका. टोचा पडल्यावर पिल्लू बाहेर यायला दिवसभरही लागतो. तेवढ्यात पोरं झाकण उघडून बघतात, आपणही कवच सोलायला जातो. दर खेपेला ओलावा निघून जातो आणि टोचा पडलेलं पिल्लू आतच अडकतं. तेव्हा काचेतूनच बघा, बरं का!