वजन तक्त्यात बसत होतं
(कल्याण समितीच्या सभेत आपल्या एका भगिनीने केलेलं भाषण)

कागद हातात धरूनच बोलते, नाहीतर मध्येच थांबेन.

आमची धाकटी सोळा वर्षांची असताना गुरुवार धरायला लागली. मग संकष्टी, मग एकादशी. लंडनमध्ये वाढलेली मुलगी उपास करते, याचं मला केवढं कौतुक! तिच्या आजीला पुण्याला फोन करून सांगितलं. ती उपासाची खिचडीसुद्धा खात नव्हती, हे उशिरा लक्षात आलं. पाळी थांबली तेव्हा रात्री इंटरनेटवर शोधत बसले. पहिल्याच पानावर होतं की वजन फारच कमी असेल तरच हा खाण्याचा आजार, इटिंग डिसऑर्डर, समजावा. तिचं वजन तक्त्यात बसत होतं. मी निश्चिंत झाले आणि तीन महिने गेले.

ते साफ चूक होतं. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ‘नाइस’ या इथल्या संस्थेने २०१७ सालीच सांगितलं आहे की नुसत्या बीएमआयवरून उपचार द्यायचे की नाही ते ठरवू नये. अंगाने भरलेलं मूल झपाट्याने उतरलं, तर तक्त्यात ठीक दिसूनही गंभीर आजारी असू शकतं. रक्ताचे रिपोर्टही चांगले येऊ शकतात. त्या पानावर लिहिणाऱ्याचं नाव नव्हतं, तारीख नव्हती. प्रोटीन पावडरची जाहिरात तेवढी ठळक होती.

आरोग्याची माहिती सामान्य माणसाला पारखता यावी म्हणून १९९०च्या दशकात ऑक्सफर्डमध्ये ‘डिसर्न’ नावाची सोळा प्रश्नांची यादी तयार झाली. माहिती कुठून घेतली, कधीची आहे, असे प्रश्न त्यात आहेत. उपचार केलेच नाहीत तर काय होईल, हे सांगितलंय का, असाही एक आहे. तो मी त्या रात्री विचारायला हवा होता.

पण या आजारात खरी माहितीही घात करते. बऱ्या झालेल्या एका मुलीने प्रामाणिकपणे लिहिलेला अनुभव आमच्या लेकीने जपून ठेवला होता. त्यातलं सर्वांत कमी वजन तिने स्वतःसाठी ठरवून घेतलं. ‘बीट’ ही इथली धर्मादाय संस्था वर्तमानपत्रांना वजनाचे आणि कॅलरीचे आकडे छापू नका असं सांगते, ते यासाठीच. मीही आज तिचं वजन सांगितलेलं नाही. वाचायचं तर एनएचएसचं आणि ‘बीट’चं पान वाचा, आणि शंका आली की वजन घटायची वाट न बघता जीपीकडे जा.

आता मागणं. मंदिरात कुणी प्रसाद नाकारला तर आग्रह करू नका, आणि “किती बारीक झालीस गं” हे कौतुकानेही म्हणू नका. आपल्यातल्या काही घरांना मुलांसाठी दर आठवड्याला क्लिनिकला जावं लागतं. पगार कापला जातो, धाकटी भावंडं घरी एकटी राहतात. गाडीभाड्यासाठी कल्याण निधीत जमेल तेवढं द्या. दुपारी दोन तास मुलांजवळ बसू शकणाऱ्या आज्या-आजोबांनी आरतीनंतर मला भेटा. मी चपलांच्या मांडणीजवळ थांबते.