शास्त्रातील विधवा
(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली, भाषणाची सवय नाही. दुपारची कामे आटोपल्यावर पंडिता रमाबाईंनी मराठीत आणलेले बायबल थोडे वाचले, त्यावर बोलते.

त्यात आमोस नावाचा मेंढपाळ आहे. मेंढ्या राखायचा, उंबरांची निगा करायचा. गरिबाला जोड्याच्या किमतीला विकता आणि वर सण करता, असले सण देवाला नकोत, असे तो धनवंतांना तोंडावर बोलला. पुजाऱ्याने त्याला गाव सोडायला सांगितले. खुद्द येशूला नासरेथकरांनीच कड्यावरून लोटायला नेले होते. पण मला आवडली ती येशूने सांगितलेली विधवेची गोष्ट. न्यायाधीश ना देवाला भीत, ना माणसाला मानीत. ही बाई पुन्हा पुन्हा त्याच्या दारी. शेवटी कटकट नको म्हणून का होईना, त्याने न्याय दिला. वारसाच्या नोंदीसाठी कचेरीचे उंबरे झिजवलेल्या बायकांना तिची ओळख करून द्यायला नको!

रमाबाई १८८२ साली विधवा झाल्या, १८८३ साली इंग्लंडात ख्रिस्ती झाल्या. १८८९ साली त्यांनी विधवांसाठी शारदासदन काढले. मुली प्रार्थनेला बसतात असा बोभाटा झाला आणि १८९३ साली सल्लागारांनी राजीनामे दिले, पालकांनी मुली नेल्या. इकडे ही बाटली म्हणून राग, तिकडे इंग्लंडातल्या धर्मभगिनींना वाटे, ही फार प्रश्न विचारते. तरी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुलीबायका आणून त्यांनी केडगावी ठेवल्या. त्यांचे बायबल तिथेच छापले गेले, त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी, १९२४ साली.

त्याच १८८२ साली आपल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांचे 'स्त्री-पुरुष तुलना' निघाले. त्या ख्रिस्ती नव्हत्या. सुरतेच्या एका विधवेला मूल मारल्याबद्दल शिक्षा झाली आणि लोक सगळ्या बायकांनाच नावे ठेवू लागले, तेव्हा त्यांनी लेखणी उचलली. हेटाळणी झाली. जोतीराव फुल्यांनी बाजू घेतली, पण ताराबाईंचे दुसरे पुस्तक काही आले नाही.

आता आपले. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूरकडच्या हेरवाड गावाने बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे बंद करण्याचा ठराव केला. सरकारनेही तसे परिपत्रक काढले. आपल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाची यादी मात्र जुनीच आहे. गेल्या वर्षी मी दोन नावे घातली, ती खोडून परत आली. कोणी खोडली ते मी विचारीत नाही. यंदा तीच दोन आणि तिसरे माझ्या थोरल्या जाऊबाईंचे, अशी यादी चिटणीसबाईंकडे आजच देते आहे.