यंत्राच्या मांडणीचा लेखी दाखला



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली सुरू केलेल्या या वसंत व्याख्यानमालेत संगणकावर टंकावयाच्या चार-दोन आज्ञांचा विषय मी मुद्दाम आणला आहे. कारण हिंजवडीस आणि खराडीस कामाला जाणारी आपल्या घरची मुले ज्या ‘कंटेनर’चे नाव उठल्याबसल्या घेतात, त्याचा संबंध केवळ त्यांच्या नोकरीशी नसून ज्ञानाच्या जतनाशी आहे, अशी माझी खात्री आहे.

खोडदची रेडिओ दुर्बीणच घ्या. नारायणगावाजवळ ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशातून जे टिपतात, ते जतन केले जाते, आणि पुढे कोणीही अभ्यासक ते मागवून त्यातून नव्याने प्रतिमा घडवू शकतो. परंतु अशा प्रतिमा घडविणाऱ्या कित्येक जुन्या आज्ञावली पायथॉनच्या ज्या दुसऱ्या आवृत्तीवर चालत, तिचा अधिकृत सांभाळ २०२० च्या आरंभी संपला. निरीक्षणे शाबूत, आज्ञावलीही शाबूत, आणि तरी काम अडते. कारण कोणती लायब्ररी, कोणत्या आवृत्तीची, कोणत्या क्रमाने बसवली होती, हे सारे एखाद्या विद्यार्थ्याच्या तोंडी असते, आणि तो विद्यार्थी पदवी घेऊन परदेशी गेलेला असतो.

ही तोंडी विद्या लेखी करण्याची सोय २०१३ साली लोकांसमोर आलेल्या डॉकर या सॉफ्टवेअरने सर्वांच्या हाती दिली. तिची मुळे जुनी आहेत: एखाद्या प्रोग्रामला ठरावीक फोल्डरापलीकडचे दिसू नये, ही तजवीज युनिक्समध्ये १९७९ सालीच होती, आणि स्मृती व प्रोसेसर यांचा वाटा बांधून देणारी यंत्रणा २००८ साली लिनक्सच्या गाभ्यात आली. डॉकर चालवतो तो कंटेनर म्हणजे निराळा संगणक नव्हे. गाभा यजमान यंत्राचाच, मात्र आतल्या प्रोग्रामला आपला संसार स्वतंत्र भासतो.

हा संसार ‘डॉकरफाइल’ नावाच्या साध्या मजकुरात लिहितात. ‘फ्रॉम’ या पहिल्या ओळीत पाया, म्हणजे समजा पायथॉन २.७, ‘कॉपी’ने आपल्या फायली आत घ्यावयाच्या, ‘रन’ने लायब्रऱ्या बसवावयाच्या, ‘सीएमडी’त अखेर काय चालवावयाचे ते. येथे क्रमाला फार महत्त्व आहे. या ओळींचे एकावर एक थर रचले जातात, आणि एका थरात बदल झाला की त्याच्या वरचे सगळे थर पुन्हा रचावे लागतात. म्हणून लायब्रऱ्यांची यादी आधी आत घेऊन त्या बसवाव्यात आणि रोज बदलणारा आपला कोड मागाहून घ्यावा. हे उलट केले, तर एक अक्षर सुधारले तरी सगळ्या लायब्रऱ्या पुन्हा उतरवून घेत बसावे लागते.

‘डॉकर बिल्ड’ ही आज्ञा या लिखिताबरहुकूम इमेज, म्हणजे त्या संसाराची गोठवलेली प्रत, तयार करते. तिच्या शेवटी एक टिंब असते. नवशिक्याची नजर ते हटकून चुकवते, पण फायली याच फोल्डरातून घ्याव्यात, हा हुकूम त्या टिंबात आहे. ‘डॉकर रन’ने त्या इमेजमधून कंटेनर चालू होतो. पोर्ट जोडताना ८०८०:८० असे लिहिले, तर आधीचा आकडा यजमानाचा, नंतरचा आतला. आत लिहिलेली माहिती कंटेनर काढून टाकताच नाहीशी होते, म्हणून निरीक्षणे व प्रतिमा व्हॉल्यूम, म्हणजे कंटेनरबाहेरची साठवणीची जागा, जोडून बाहेरच ठेवाव्यात. ‘पीएस’ने काय चालू आहे ते दिसते, ‘लॉग्ज’ने आतले बोलणे ऐकू येते, आणि ‘स्टॉप’ने प्रोग्रामला आवरण्यास सामान्यतः १० सेकंदांची मुदत मिळते, तेवढ्यात तो थांबला नाही, तर सक्तीने थांबविला जातो. पॉडमॅन हे डॉकरच्याच धर्तीचे दुसरे साधन वापरणाऱ्यांस याच आज्ञा जवळजवळ जशाच्या तशा चालतात, शिवाय यंत्राच्या सर्वाधिकाराची गरज पडत नाही; विद्यापीठांतील सामायिक संगणकांवर ही मुभा मला फार मोलाची वाटते.

एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगतो. पायाच्या ओळीत आवृत्तीऐवजी ‘लेटेस्ट’ लिहिणे म्हणजे दाखल्यावर तारीख न घालणे होय. आज जे उतरेल तेच वर्षाने उतरेल, याची हमी कोणी देत नाही. आणि आवृत्ती नेमकी लिहिली, तरी जुन्या लायब्रऱ्यांचे भांडार उद्या इंटरनेटवरून उठले, तर ‘बिल्ड’ कोठून होणार? यास्तव डॉकरफाइलबरोबरच ‘डॉकर सेव्ह’ने सिद्ध इमेजचीही एक फाइल करावी, आणि ज्या दप्तरी निरीक्षणे दाखल होतात, तेथेच या दोन्ही फायली दाखल करून घ्याव्यात.