तीनशे शब्दांचा निबंध



आपण मराठीचे मास्तर. निबंधावर आपलं पोट. मे 2024मध्ये पुण्यात, कल्याणीनगरला, भरधाव गाडीनं दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला. गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता, असा आरोप होता. बाल न्याय मंडळानं त्याला जामीन देताना रस्ते अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला आणि महाराष्ट्र खवळला. खवळलो मीही, पण मला लाजही वाटली. निबंध म्हणजे काहीच न वाटता लिहायची गोष्ट, हे लोक किती सहज धरून चालले होते! आणि ते आपणच तर शिकवलंय. ‘मी पाहिलेला अपघात’ हा आपला पिढीजात विषय. ज्या पोरानं आयुष्यात अपघात पाहिला नाही, तोही त्यात गर्दी जमवतो, रक्ताचं थारोळं काढतो, शेवटी बोध घेतो आणि दहापैकी सात गुण नेतो.

शिक्षा म्हणून लिहायला लावणं फक्त आपल्याकडेच नाही. चीनमधल्या शाळांत मुलाचं काही चुकलं, की त्याच्याकडून ‘ज्यानथाओ शू’, म्हणजे आत्मटीकेचं पत्र, लिहून घेतात. काय केलं, का केलं, पुढे कसं वागणार, हे सगळं त्यात यावं लागतं. पुष्कळदा अक्षरांची संख्याही ठरवून देतात. कधी ते वर्गापुढे वाचावं लागतं. कन्फ्यूशियसचा एक शिष्य रोज स्वतःची तीन बाबतींत झडती घेई. त्या परंपरेचा हा धागा. दुसरा धागा मात्र विसाव्या शतकातल्या कम्युनिस्ट पक्षाच्या बैठकांचा. तिथं माणसाकडून त्याचे दोष वदवून घेतले जात. स्वतः घेतलेली झडती आणि दुसऱ्यानं घेतलेली झडती, दोन्ही एकाच कागदावर आल्या. पोरं कुठलीही असोत, शेवटी पोरंच. या पत्रांचे आयते नमुने तिथं इंटरनेटवर मिळतात, जसे आपल्याकडे निबंधांचे मिळतात.

गांधीजींनी पंधराव्या वर्षी भावाच्या कड्यातलं सोनं चोरलं आणि वडिलांना चिठ्ठी लिहून कबूल केलं. शिक्षाही मागितली. आजारी वडिलांनी ती वाचली, ते रडले आणि त्यांनी ती फाडून टाकली. मला नेहमी वाटतं, त्या चिठ्ठीचं बळ लिहिण्यात होतं तितकंच फाडण्यातही होतं. आपण फाडत नाही. फायलीला लावतो.

आणि चूक फक्त पोरांचीच असते का? शुक्राचार्यांची गोष्ट घ्या. असुरांनी त्यांचा शिष्य कच याला जाळून त्याची राख मद्यात कालवली आणि ते मद्य गुरूला पाजलं. कळल्यावर शुक्राचार्यांनी असुरांना दोष देऊन हात झटकले नाहीत. आपण प्यायलो म्हणून हे झालं, हे मानून त्यांनी आपल्याच वर्णाला मद्य वर्ज्य केलं. महाभारतात चुकलेल्या शिष्यांच्या गोष्टी पुष्कळ. स्वतःची चूक स्वतःच्याच पदरात घालणारा असा गुरू विरळा.

माझीही एक चूक पदरात घ्यायची राहिली आहे.

गाळपाचा हंगाम. शाळा सुटली, की पोरं कारखान्याकडं निघालेल्या टायरगाड्यांमागं धावत आणि चालत्या गाडीतून ऊस ओढत. एकदा अख्खी मोळी घसरली आणि तक्रार शाळेत आली. मी फळ्यावर माफीपत्र लिहून दिलं. ‘यापुढे असे वर्तन करणार नाही’, खाली पालकांची सही. नववीतल्या सातही जणांनी उतरवून काढलं. एकानं मात्र खाली, समासाबाहेर जाऊन, चार ओळी आपल्या मनानं घातल्या होत्या. ऊस गोळा करायला गाडीवरून एक मुलगी उतरली, ती माझ्याच वयाची होती, तिच्या हाताला फडकं बांधलेलं होतं. त्यांना वजनावर पैसे मिळतात हे मला घरी गेल्यावर आईनं सांगितलं, असं काहीसं. ‘गोळा’तला ‘ळ’ चुकला होता.

मी त्याला म्हणालो, नमुना बिघडलाय, परत लिही. कोरा कागद दिला.

दुसऱ्या कागदावर एकही चूक नव्हती. मी खाली ‘ठीक’ असा शेरा मारला.