केडगावच्या पंडिता रमाबाई

देवापुढं लीन व्हा, चिंता त्याच्यावर सोपवा, असा उपदेश पेत्राच्या पहिल्या पत्रात, पाचव्या अध्यायात आहे. पंडिता रमाबाई तो केडगावात जगल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली आणल्या. एवढ्या जणींच्या अन्नाची चिंता त्या प्रार्थनेत मांडत, आणि मग कामाला लागत. विहिरी खोदल्या, शेती केली, मुलींच्या हाती छापखाना दिला. कलकत्त्याच्या विद्वानांनी १८७८ मध्ये ‘सरस्वती’ म्हणून गौरवलेल्या या बाई! पण त्यांची नम्रता मला सर्वांत जास्त दिसते ती त्यांच्या बायबलच्या भाषांतरात. मूळ हिब्रू-ग्रीक अभ्यासून त्यांनी ते केलं, तेही साध्या बायाबापड्यांना कळावं अशा मराठीत. १९२२ मध्ये, निधनाच्या थोडं आधी, ते काम पुरं झालं.