बंद घरातल्या पिसवा

(पाटण येथे आरोग्य स्वयंसेविकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



शौल राजा पाठीस लागला तेव्हा दावीद स्वतःला पिसू म्हणवून घेतो. पहिले शमुवेल, चोविसावा अध्याय. एवढ्याशा जिवामागे कशाला लागता, असं त्याला म्हणायचं होतं. पण वीटभट्टीवरून परतलेल्या बाईला विचारा, पिसू एवढीशी असते का ते!

आपली कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर कडी घालून जातात. पावसाच्या तोंडावर येऊन दार उघडलं, पोरं आत धावली, की पायांवर पिसवा चढतात. इतके महिने घरात माणूस नाही, मग आल्या कुठून? लगेच कुणीतरी म्हणतं, करणी केली. आणि संशय जातो तो वस्तीतल्या एखाद्या एकट्या म्हातारीवर.

पिसू रक्त पिते कुत्र्या-मांजराच्या, शेळीच्या अंगावर. तिची अंडी मात्र घरंगळून खाली पडतात. अळी उजेड टाळते. सारवलेल्या जमिनीच्या भेगांत, गोणपाटाखाली वाढते आणि कोश करते. कोशातली पिसू काही महिनेसुद्धा दम धरते. पावलांचा धक्का लागला, अंगाची ऊब जाणवली, की बाहेर. शिवाय मागे राहिलेला कुत्रा ओसरीवर झोपतच असतो, अंड्यांची भर पडतच असते. यात म्हातारीचा काय संबंध?

म्हणून नुसत्या कुत्र्याला औषध लावून भागत नाही. आणि शेतातलं फवारणीचं औषध तर मुळीच नको. कुत्रा ते चाटतो, पोर त्या कुत्र्याला कवटाळतं. उवांसाठी पोरांच्या डोक्याला तेच चोळणारेही आहेत. त्यानं जीव जातो, हे घरोघरी सांगा.

परतल्यावर पोरांना बाहेर थांबवा. मोठ्यांनी आधी भेगा, कोपरे, कुत्र्याची जागा झाडून केर जाळावा, भेगा बुजवून सारवावं. वाकळा उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात टाका. अळीला कोरडेपणा सोसत नाही. एकदा करून थांबू नका. कोश झाडूला दाद देत नाहीत, दोन-तीन आठवडे नव्या पिसवा निघत राहतात. कुत्र्याला बारीक फणीनं विंचरून फणी साबणाच्या पाण्यात बुडवा. लहान करडांकडे लक्ष ठेवा. पिसवा फार झाल्या तर रक्त कमी होऊन ती मरतात.

एक गोष्ट वेगळी. बीड जिल्ह्यातल्या मामला गावात १९९४ साली आधी उंदीर मेले, पिसवा वाढल्या, मग गाठीच्या प्लेगचे रुग्ण निघाले. ती उंदरावरची पिसू, उंदीर मेला की दुसरं अंग शोधणारी. उंदीर मरून पडताना दिसले तर हात न लावता लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात कळवा.

कुत्र्याचं औषध पशुवैद्यकीय दवाखान्यातून, त्याचं वजन सांगून आणा. तेच मांजराला लावू नका. कुत्र्याच्या काही औषधांनी मांजर दगावतं.